स्वतंत्र लेखक-निर्माता: कल्पनेपासून वसुलीपर्यंत

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘निर्माता’ हा शब्द इतक्या जणांपुढे लागतो, की त्यातला खरा निर्माता कोण, हे बाहेरच्या माणसाला कळतच नाही. कुणी पैसे घातलेले असतात, कुणी मोठा कलाकार आणून दिलेला असतो, तर कुणाचं नाव जुन्या करारातल्या एका ओळीमुळे आलेलं असतं. या लेखातला निर्माता मात्र एकच: जो विषय शोधतो, हक्क मिळवतो, लिहितो किंवा लिहून घेतो, पैसा उभा करतो, चित्रपट किंवा मालिका पूर्ण करून विकतो आणि शेवटच्या हिशेबापर्यंत जबाबदार राहतो. ‘स्वतंत्र’ म्हणजे त्याच्यामागे स्टुडिओचा किंवा चॅनेलचा महिन्याचा पगार नाही. कल्पना सुचल्यापासून पहिला पैसा हातात येईपर्यंतचा सगळा काळ त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो.

मग या भानगडीत पडायचं कशाला? नुसतं लिहून पटकथा विकावी, किंवा पगारी निर्मिती-व्यवस्थापक व्हावं. त्यात धोका कमी आहे. लेखक आणि निर्माता या दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर ठेवण्याचा खरा फायदा एकच: हक्क आपल्याकडे राहतात. अमेरिकेत १९५१ मध्ये ल्युसिल बॉल आणि डेझी अर्नाझ या जोडप्याने आपल्या विनोदी मालिकेसाठी कमी मानधन पत्करलं आणि चित्रित झालेल्या भागांची मालकी स्वतःच्या कंपनीकडे ठेवली. पुढे ते भाग पुन्हा पुन्हा दाखवले गेले आणि त्या मालकीचं मोल मानधनातल्या कपातीपेक्षा कितीतरी मोठं ठरलं. ब्रिटनमध्ये २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टनंतर सार्वजनिक सेवा वाहिन्यांना स्वतंत्र निर्मात्यांशी करार करताना ठरावीक चौकट पाळावी लागली. वाहिनीला प्रसारणाचा मर्यादित परवाना आणि बाकीचे हक्क निर्मात्याकडे, अशी ती चौकट. तिथल्या छोट्या निर्मिती कंपन्या वाढल्या त्या या नियमामुळे. उलट अमेरिकेत १९७० चे, मोठ्या टीव्ही नेटवर्कना बाहेरच्यांनी बनवलेल्या कार्यक्रमांत आर्थिक वाटा घेण्यापासून रोखणारे नियम १९९३ पासून उठत गेले आणि स्वतंत्र निर्मात्यांची जागा आक्रसली. प्रतिभा तीच, माणसं तीच. हक्क कुणाकडे, यावर सगळा फरक पडला.

म्हणून पुढची प्रत्येक पायरी चढताना एकच प्रश्न विचारायचा आहे: या सहीनंतर माझ्याकडे काय उरतं?

हक्कांची फाइल आधी, पटकथा नंतर

कल्पनेवर कॉपीराइट नसतो. कल्पना ज्या शब्दांत, ज्या प्रसंगांत मांडली, त्या मांडणीवर असतो. ‘माझी आयडिया चोरली’ ही तक्रार बहुतेक वेळा टिकत नाही ती यामुळे. तेव्हा कल्पना तोंडी सांगत हिंडण्याआधी निदान चार-पाच पानांचा कथासार लिहा, त्यावर तारीख टाका, आपापल्या देशातल्या लेखक संघटनेकडे किंवा कॉपीराइट कार्यालयात नोंदवा. १८८६ च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांत नोंदणीविनाही हक्क निर्माण होतो. तरीही वाद झालाच तर तारखेचा पुरावा कामी येतो. कुणाला काय पाठवलं याची मेलसकट नोंद ठेवा.

कादंबरी, नाटक किंवा एखाद्याची आयुष्यकथा घेणार असाल तर पटकथेचं पहिलं पान लिहिण्याआधी ऑप्शन करार करा. यात हक्क लगेच विकत घेत नाहीत. ठरावीक मुदतीत ते विकत घेण्याचा एकाधिकार तेवढा मिळतो. मुदत साधारण १२ ते १८ महिने असते आणि ती एकदा वाढवण्याची सोय ठेवतात. ऑप्शनची रक्कम अंतिम खरेदी किमतीच्या सुमारे १० टक्के असा जुना संकेत आहे, पण ती घासाघीस करून ठरते. महत्त्वाचं हे, की खरेदीची किंमत आजच कागदावर आली पाहिजे. ‘ते नंतर बघू’ म्हणून सोडलेली किंमत चित्रपटाला मोठा कलाकार मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी आभाळाला भिडते आणि तेव्हा तुमच्या हातात वाटाघाटीचं काहीच नसतं.

जुनी साहित्यकृती मुक्त झाली आहे असं समजून चालताना दोन गोष्टी तपासा. लेखकाच्या मृत्यूनंतर हक्क किती वर्षं टिकतात हे देशागणिक बदलतं: कुठे ५०, कुठे ६०, कुठे ७०. जिथे विकणार त्या प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा. दुसरं, मूळ कृती मुक्त असली तरी तुम्ही वाचलेला अनुवाद मुक्त नसू शकतो. अनुवादकाचे हक्क स्वतंत्र असतात.

सहलेखक असेल तर पहिल्याच दिवशी एक पानी करार करा. श्रेय कसं लिहायचं, मोबदल्याची वाटणी कशी, एकजण सोडून गेला तर मजकूर कुणाचा. मैत्रीत हे विचारायला अवघड वाटतं. पण मैत्रीतच ते विचारायला हवं, कारण अनोळखी माणसाशी करार आपण करतोच.

मूळ लेखकापासून निर्मिती कंपनीपर्यंत हक्क कसे आले हे दाखवणाऱ्या कागदांच्या साखळीला धंद्यात ‘चेन ऑफ टायटल’ म्हणतात. वितरक, बँक, विमा कंपनी सगळे तीच मागतात. एक कडी गहाळ असेल तर तयार चित्रपटही विकता येत नाही. स्वतः लिहिलेल्या पटकथेचा कागदही या साखळीत लागतो. लेखक म्हणून तुम्ही आणि निर्माता म्हणून तुमची कंपनी या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. पटकथेचे हक्क कंपनीला लिहून द्या, मोबदला नमूद करा, आणि ठरावीक वर्षांत शूटिंग सुरू झालं नाही तर हक्क लेखकाकडे परत जातील हे कलम घाला. उद्या कंपनीत भागीदार आला, भांडण झालं किंवा कंपनी बुडाली, तर हे एक कलम तुमची पटकथा वाचवेल.

लिहिताना निर्मात्याला कधी आत घ्यायचं

पहिल्या मसुद्यात तुमच्यातल्या निर्मात्याला खोलीबाहेर ठेवा. खर्चाचा विचार करत लिहिलेला पहिला मसुदा पानापानावर आखडलेला दिसतो. दुसऱ्या मसुद्याला मात्र त्याला दार उघडा.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर सुमारे एक मिनिट, हा ठोकताळा प्रमाणित मांडणीत चालतो. रोमन लिपीत त्यासाठी कुरिअर हा टंक, १२ पॉइंट ठरलेला आहे. दुसऱ्या लिपीत लिहीत असाल तर एखादा प्रसंग घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि आपल्या पानाचं माप स्वतः काढा. मग ब्रेकडाउन करा: प्रत्येक पान आठ भागांत मोजायचं आणि प्रत्येक दृश्यापुढे ठिकाण, दिवस की रात्र, पात्रं, वाहनं, प्राणी, गर्दी, विशेष सामान लिहायचं. हे काम सहायक दिग्दर्शकाचं मानलं जातं, पण लेखक-निर्मात्याने ते एकदा स्वतःच्या हाताने करावंच. रात्रीची बाहेरची दृश्यं, पाणी, लहान मुलं, जनावरं, धावत्या गाड्या आणि गर्दी हे खर्चाचे मोठे धनी आहेत, हे कागदावर दिसलं की लेखणी आपोआप शहाणी होते.

‘कमी बजेट आहे, मग दोन पात्रं एका खोलीत बसवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. एका खोलीत दीड तास खिळवून ठेवणं हे लेखनातल्या सर्वात अवघड कामांपैकी एक आहे, आणि नवख्याला नेमकं तेच करायला सांगितलं जातं. त्यापेक्षा प्रसंगाचा क्षण बदला. समजा, रात्री गावात पूर शिरतो असं दृश्य आहे. पाणी, बोटी, गर्दी, अंधार, सगळे खर्चिक पाहुणे एकाच पंगतीला. त्याऐवजी दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहा: भिंतीवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ, माणसं मुकाट्याने भांडी धुताहेत, आणि नायिका त्या रेघेपाशी आपल्या मुलाला उभं करून त्याची उंची मोजते. चार पात्रं, दिवसाउजेडी, एक ठिकाण. खर्च एक दशांश आणि बहुधा दृश्यही जास्त चांगलं. लेखक-निर्मात्याला हे जमलं पाहिजे, कारण दुसऱ्या कुणाला ते करण्याचा अधिकारच नसतो.

काम दाखवायला हातात काहीतरी हवं

पटकथा कितीही चांगली असली तरी अनोळखी निर्मात्याच्या हाती कुणी पैसा देत नाही. म्हणून एक लघुपट करा. हेतू दोन: तुम्ही काम पूर्ण करू शकता हे दिसावं, आणि ज्यांच्याबरोबर मोठं काम करणार ती माणसं पारखली जावीत. दहा-बारा मिनिटं पुरतात. तीस-पस्तीस मिनिटांचा लघुपट महोत्सवांच्या कार्यक्रमात बसवणं आयोजकांना जड जातं. मोठ्या चित्रपटातलं एखादं दृश्य उचलून ‘नमुना’ म्हणून चित्रित करण्यापेक्षा स्वतंत्र, पुरी गोष्ट सांगा. नमुना तुमच्याशिवाय कुणी पाहत नाही.

त्याच काळात दुसऱ्यांच्या निर्मितीत काम करा. सेटवरचा खर्च आणि व्यवस्था पाहणाऱ्या लाइन प्रोड्यूसरच्या हाताखाली एक पूर्ण शेड्यूल काढलं, की कॉलशीट (उद्या कुणी, कधी, कुठे यायचं याचा कागद), रोजचा खर्चाचा तक्ता, जेवणाची उशीर झालेली गाडी आणि त्यामुळे बुडालेला तास, या सगळ्याचा अर्थ कळतो.

मांडणी: काय लिहायचं, कुठे न्यायचं

प्रकल्पाच्या फाइलमध्ये एवढं असावं: एका वाक्यातली गोष्ट, पानभर कथासार, आठ-दहा पानांचं ट्रीटमेंट (संवादांशिवाय, प्रसंगांच्या क्रमाने सांगितलेली गोष्ट), पटकथा, दिग्दर्शकाचं मनोगत, बजेटचा एक पानी गोषवारा, पैसा कुठून येणार याचा तक्ता आणि हक्कांच्या कागदांची यादी. चकचकीत पोस्टर, न विचारलेल्या ताऱ्यांचे फोटो आणि ‘हा अमुक चित्रपट अधिक तमुक चित्रपट’ अशी समीकरणं वगळा. वाचणारा माणूस रोज अशा फायली पाहतो. त्याला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: गोष्ट कळली का, आणि या माणसाला पैशाचं गणित कळतं का.

जगभरात अशा प्रकल्पांसाठी बाजार आणि कार्यशाळा आहेत. रॉटरडॅम महोत्सवाचा सिनेमार्ट १९८३ पासून चालतो. सहनिर्मिती बाजारांचा, म्हणजे निर्माते जिथे दुसऱ्या देशांतले भागीदार शोधतात त्या मेळाव्यांचा, तो मूळ नमुना मानला जातो. त्याच महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स फंड १९८८ पासून कमी साधनांच्या देशांतल्या प्रकल्पांना लेखनाच्या टप्प्यावरही मदत करत आला आहे. बर्लिन महोत्सवाला जोडून सहनिर्मिती बाजार भरतो, बुसानमध्ये १९९८ पासून आशियाई प्रकल्पांचा मेळा आहे, गोव्यात फिल्म बाजार आहे. १९८१ मध्ये रॉबर्ट रेडफर्डने स्थापन केलेल्या सनडान्स इन्स्टिट्यूटच्या लेखन कार्यशाळा प्रसिद्ध आहेत. माहितीपटांसाठी ॲमस्टरडॅमच्या महोत्सवातला फोरम, तर टीव्हीसाठी फ्रान्समधल्या कान शहरात शरद ऋतूत भरणारा मिपकॉम. अर्ज सगळीकडे करू नका. आदल्या काही वर्षांत तिथे कोणते प्रकल्प निवडले गेले ते पाहा आणि तुमचा विषय त्यात बसतो का, हे प्रामाणिकपणे ठरवा.

बाजारात गेल्यावर पहिल्या भेटीत पैसे मागणारा माणूस लगेच ओळखू येतो. पहिली भेट ओळखीची, दुसरी पटकथेची, तिसरी पैशाची. मधल्या काळात जे पाठवीन म्हणालात ते वेळेवर पाठवा. धंद्यातली पत इतक्या साध्या गोष्टीवर उभी राहते.

आधी वेळापत्रक, मग बजेट

बजेट शेड्यूलमधून निघतं. १०० पानांची पटकथा रोज ४ पानं या वेगाने काढली तर २५ दिवस. पैसा १८ दिवसांचाच असेल तर रोज साडेपाच पानं काढावी लागतील. म्हणजे लोकेशन बदलायला वेळ नाही, रिटेक कमी, कॅमेऱ्याचे पर्यायी कोन जवळजवळ नाहीत. हे झेपत नसेल तर पानं कमी करा. ‘जमवून घेऊ’ हे उत्तर चालत नाही, कारण जमवण्याची किंमत शेवटी संकलनाच्या टेबलावर मोजावी लागते.

बजेटचे ढोबळ चार भाग: कथा-दिग्दर्शन-प्रमुख कलाकार, प्रत्यक्ष चित्रीकरण, चित्रीकरणोत्तर काम, आणि इतर म्हणजे विमा, वकील, हिशेबनीस, कार्यालय. या बेरजेवर १० टक्के आकस्मिक खर्च ठेवण्याची रीत आहे. ही रक्कम सर्वात आधी कापायचा मोह होतो. तिला हात लावू नका. डिलिव्हरीचा, म्हणजे तयार चित्रपट वितरकाला हव्या त्या प्रतींसह आणि कागदांसह सोपवण्याचा, खर्चही याच बजेटमध्ये लिहा. अनेक चित्रपट तयार होऊन पडून राहतात ते इतक्या एका गोष्टीसाठी पैसे उरले नाहीत म्हणून.

तुमचं स्वतःचं मानधन? लेखकाचं आणि निर्मात्याचं, दोन्ही ओळी बजेटमध्ये ठळक लिहा. पैसे कमी पडले की सगळे तुमच्याकडेच पाहतात आणि ‘तुमचं नंतर घ्या’ म्हणतात. माझं मत असं, की लेखनाचा मोबदला घ्यावा आणि सवलत द्यायचीच तर निर्मात्याच्या मानधनातून अंशतः द्यावी. लेखनाचं काम झालेलं असतं, ती उधारी मागे ठेवण्यात काहीच हशील नाही.

पैसा कुठून येतो आणि कुणाकडे आधी परत जातो

स्वतंत्र चित्रपटाचा पैसा सहसा एका ठिकाणाहून येत नाही. अनुदान, सरकारी परतावा किंवा करसवलत, पूर्वविक्री (चित्रपट बनण्याआधीच हक्क विकणं), खासगी गुंतवणूक, कर्ज आणि लोकांनी पुढे ढकललेलं मानधन अशी गोधडी शिवावी लागते. प्रत्येक तुकड्याचा स्वभाव वेगळा. सरकारी परतावा बहुतेक ठिकाणी खर्च झाल्यावर, तपासणीनंतर मिळतो, म्हणजे तोवर तेवढी रक्कम दुसरीकडून उचलावी लागते आणि तिचं व्याजही बजेटमध्ये बसवावं लागतं. पूर्वविक्रीचा करार म्हणजे रोख नव्हे. चित्रपट हातात पडल्यावर पैसे देऊ, असं ते वचन असतं. ते बँकेत तारण ठेवून कर्ज काढायचं, तर बँक पूर्तता-हमी मागते. ही हमी देणारी कंपनी चित्रपट वेळेत आणि बजेटमध्ये पुरा होईल याची जबाबदारी घेते आणि गाडी रुळावरून घसरली तर निर्मिती ताब्यातही घेऊ शकते.

आता वसुलीचा क्रम. हा नीट समजल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका. समजा बजेट १०० भाग आहे. २५ परताव्यातून, १५ पूर्वविक्रीतून आणि ६० गुंतवणूकदाराकडून आले. गुंतवणूकदाराला मुद्दलावर २० टक्के जास्त मिळतील असं ठरलं, म्हणजे त्याचे ७२. त्यानंतरचा नफा निर्माता आणि गुंतवणूकदार यांच्यात निम्मा-निम्मा. चित्रपट पुढे आणखी १०० ला विकला गेला. वितरकांना चित्रपट विकून देणाऱ्या विक्री एजंटचं कमिशन २० टक्के धरलं तर २० गेले. त्याचा प्रवास, जाहिरात, बाजारातला खर्च ८. उरले ७२. ते सगळे गुंतवणूकदाराचे. निर्मात्याच्या वाट्याला शून्य. बाहेरचे म्हणणार, चित्रपटाने पैसे कमावले, आणि ते खोटंही नसतं. विक्री १५० ला झाली असती तर? कमिशन ३०, खर्च ८, गुंतवणूकदार ७२, उरले ४०, त्यातले निर्मात्याचे २०. या २० मधूनच त्याने कलाकाराला, दिग्दर्शकाला कबूल केलेले टक्के जातात.

यातून दोन कामं निघतात. एजंटच्या खर्चाला करारात कमाल मर्यादा घाला. आणि आलेला पैसा तटस्थ वसुली खात्यात जमा होऊन ठरल्या क्रमाने वाटला जाईल अशी व्यवस्था करा. अशी खाती सांभाळणाऱ्या कंपन्या असतात. पैसा कुणा एकाच्या खिशातून सगळ्यांना मिळणार असेल तर भांडण ठरलेलं.

प्रत्येक चित्रपटासाठी वेगळी कंपनी काढण्याची पद्धत आहे. एकाचं देणं दुसऱ्याच्या गळ्यात पडत नाही आणि हिशेब स्वच्छ राहतो. कुटुंबाचं घर मात्र तारण ठेवू नका. ठेवून जमलं त्यांच्या कहाण्या सांगितल्या जातात. बाकीच्यांना कुणी विचारत नाही.

सेटवर

शूटिंगच्या पहिल्या दिवसापासून तुमच्यातला लेखक घरी राहतो. दिग्दर्शक दुसरा असेल तर त्याच्या कानाशी ‘मला हे असं अभिप्रेत नव्हतं’ म्हणणारा निर्माता सगळ्या युनिटला नकोसा होतो. बदल करायचेच असतील तर रात्री, लेखी. पटकथा लॉक झाली, म्हणजे शूटिंगसाठी पक्की ठरली, की दृश्यांचे क्रमांक बदलत नाहीत. नवं दृश्य ‘१४ अ’ होतं, काढलेल्या दृश्याचा क्रमांक रिकामा राहतो. सुधारित पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर काढायची रूढी आहे: पांढऱ्यानंतर निळा, मग गुलाबी, मग पिवळा. कागद गेला आणि फाइल आली तरी रंगांची नावं टिकून आहेत, कारण कुणाच्या हातात कोणता मसुदा आहे हे एका नजरेत कळतं.

रोज संध्याकाळी तीन आकडे पाहा: किती पानं झाली, किती तास जादा गेले, किती खर्च झाला. आठवड्याने पाहिलं तर वरातीमागून घोडं. सुरक्षितता, कामाचे तास आणि विश्रांती यांत काटकसर नको. थकलेल्या युनिटकडून अपघात होतात आणि अपघाताला बजेट नसतं. आणखी एक, स्थिरचित्रकार नेमाच. चित्रपटातून काढलेल्या फ्रेमवर पोस्टर नीट उभं राहत नाही, आणि विक्रीच्या वेळी पहिली मागणी फोटोंची येते.

डिलिव्हरी आणि महोत्सव

संकलन संपलं म्हणजे काम संपलं असं वाटणाऱ्याला वितरकाची डिलिव्हरी यादी दाखवावी. चित्रपटगृहासाठी डीसीपी (तिथे चालणारी डिजिटल प्रत), टीव्हीसाठी वेगळी मास्टर फाइल, ५.१ म्हणजे चहूबाजूंनी ऐकू येणारा ध्वनी, संवाद वगळून फक्त संगीत आणि आवाजांचा एम अँड ई ट्रॅक, संवादयादी, सबटायटल्स, संगीताची क्यूशीट (कोणतं संगीत कुठे, किती वेळ वाजतं याची यादी), सर्व करार. एम अँड ई नसेल तर परभाषेत डबिंग करता येत नाही आणि त्या भाषेतली विक्री हातची जाते. अनेक बाजारांत ‘एरर्स अँड ओमिशन्स’ विमा लागतो. हक्कभंग किंवा बदनामीच्या दाव्यांसाठी तो असतो आणि तो घेताना हक्कांची तीच साखळी पुन्हा तपासली जाते.

तयार गाणं वापरायचं तर दोन परवानग्या लागतात: रचनेची आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. फक्त महोत्सवापुरता परवाना स्वस्त मिळतो म्हणून घेतला, आणि नंतर विक्री होताना संगीत कंपनीने दहापट मागितले, तर दोष कंपनीचा नाही. विक्रीनंतरचा दर पहिल्याच करारात लिहून घ्या.

कान, व्हेनिस, बर्लिन यांच्या मुख्य स्पर्धा प्रीमियरबाबत काटेकोर असतात. म्हणून घाईने एखाद्या छोट्या महोत्सवात चित्रपट दाखवून टाकण्याआधी विचार करा. मात्र मोठ्या नकारांची वाट पाहत वर्षं घालवू नका. दोन फेऱ्या करून पुढे सरका. चित्रपट शिळा होतो.

टीव्ही आणि मालिका: इथला व्यवहार वेगळा

चित्रपटात दिग्दर्शकाचा शब्द अखेरचा, मालिकेत लेखकाचा. अमेरिकी पद्धतीत शोरनर म्हणजे लेखकांच्या खोलीचा प्रमुख आणि निर्मितीचाही प्रमुख. त्याचं श्रेय बहुधा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर असतं. तेच श्रेय चित्रपटात पैसे आणणाऱ्याला मिळतं. लेखक-निर्मात्यासाठी टीव्ही हे मूळचंच घर.

मांडणीसाठी ‘बायबल’ लागतं: मालिकेचं जग, पात्रं, पहिल्या सीझनचा आलेख, पुढच्या सीझनची दिशा, आणि सोबत पहिल्या भागाची पटकथा. खरेदीदार गोष्टीइतकंच तिचं इंजिनही तपासतो. म्हणजे दर भागाला नवा संघर्ष कुठून येणार? दोन तासांची गोष्ट ताणून आठ भाग केले की चौथ्या भागात धाप लागते. दैनंदिन मालिकेत तर प्रसारणाच्या पुढे तयार भागांची ‘बँक’ ठेवावी लागते. ती संपली की लेखन सकाळी, शूटिंग दुपारी आणि प्रसारण रात्री, असे हाल सुरू होतात.

करार करताना मूळ प्रश्न: हे कमिशन आहे (कंपनी पैसे देऊन मालिका बनवून घेते) की परवाना (मालिका तुमची, कंपनीला फक्त दाखवण्याचा हक्क)? स्ट्रीमिंग कंपन्यांची रूढ पद्धत अशी, की खर्च अधिक ठरावीक टक्के नफा द्यायचा आणि जगभरातले सगळे हक्क घ्यायचे. तोटा होत नाही, पण मालिका कितीही गाजली तरी पुढे काही मिळत नाही. २०२३ मध्ये अमेरिकी लेखक संघटनेने १४८ दिवस संप केला, तेव्हा स्ट्रीमिंगवरचा पुनर्वापराचा मोबदला, लेखकांच्या खोलीतली किमान संख्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर हे कळीचे मुद्दे होते. सुरुवातीला तुम्हाला सगळे हक्क द्यावेच लागतील, हे खरं. तरी तीन गोष्टी मागा: पुढच्या सीझनमध्ये लेखक-निर्माता म्हणून पहिली संधी, दुसऱ्या भाषेत मालिका पुन्हा बनवली तर ठरावीक रक्कम, आणि मालिका बनलीच नाही तर हक्क परत मिळण्याची तारीख. यातली एखादी तरी मिळते.

मधली वर्षं

पटकथा ते प्रदर्शन यात चार-पाच वर्षं जाणं नवल नाही. एकाच प्रकल्पावर बसलात तर भिजत घोंगडं आणि उपासमार. वेगवेगळ्या टप्प्यांवरचे तीन-चार प्रकल्प हातात ठेवा: एक लिहिण्यात, एक पैशाच्या शोधात, एक दुसऱ्याच्या मालकीचा पण मोबदला देणारा. संवादलेखन, डबिंगच्या पटकथा, जाहिरातपट, संस्थांचे माहितीपट, पटकथांची डागडुजी ही पोटाची कामं. त्यांना कमी लेखू नका, पण त्यांच्या करारांतही ‘या काळात लिहिलेलं सर्व कंपनीचं’ असं कलम शिरलं आहे का, ते पाहा. तसं असेल तर तुमची स्वतःची पटकथा नावानिशी त्यातून वगळून घ्या.

भागीदार घ्यायचा तर आपल्यासारखा घेऊ नका. दोघांनाही लिहायला आवडत असेल तर हिशेब कोण पाहणार?

प्रदर्शनानंतरचं टेबलकाम

इथे बहुतेक जण दमून सोडून देतात आणि इथेच पुढच्या वर्षांचा पैसा असतो. एका तक्त्यात देश, माध्यम, खरेदीदार, मुदत सुरू, मुदत समाप्त, हिशेबपत्र कधी यायचं, आलं का, असे रकाने करा. हिशेबपत्र उशिरा आलं तर महिन्याभरात लेखी विचारणा. करारात तपासणीचा हक्क असेल तर तो बहुधा ठरावीक काळच टिकतो, ती तारीखही लिहा. सगळ्यात शेवटचा रकाना हक्क परत येण्याच्या तारखेचा. परवाना पाच किंवा सात वर्षांचा असेल, तर मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नव्या खरेदीदारांना पत्रं जायला हवीत. त्याआधी साठवलेली मास्टर फाइल उघडून पाहा, ती चालते का. दोन वेगळ्या ठिकाणी दोन प्रती ठेवल्या असतील तर त्यातली एक तरी बहुधा चालेल.